खिडकीचा भाव चौरस फुटात, तोटा रनिंग फुटात: नवीन फॅब्रिकेटरसाठी एस्टिमेटचा धडा



मागच्या व्हिडिओत मी फळ्यावर खिडक्यांचा हिशेब करून दाखवला होता. व्हिडिओत आकडे भरभर निघून जातात, म्हणून तोच हिशेब इथे सावकाश लिहून देतोय. वही-पेन आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

सावनेर, खापा, पाटणसावंगी किंवा आसपासच्या गावात अॅल्युमिनियम सेक्शनचं दुकान टाकायचा विचार करताय? मग हा धडा तुमच्यासाठी आहे. आणि फक्त स्वतःचं घर बांधत असाल, तरी वाचा. खिडक्या कशा निवडायच्या आणि त्यासाठी किती पैसे बाजूला ठेवायचे, हे दोघांनाही कळायला हवं.

सुरुवात माझ्या पहिल्या मोठ्या कामापासून करतो, कारण त्यात मी तोटा खाल्ला होता.

पहिलं काम आणि दोन चुका

सावनेरातलेच एक काका, कोळसा खाणीतून रिटायर झालेले. फंडाच्या पैशातून घर बांधलेलं. खिडक्या १३: पाच बाय चारच्या ४ मोठ्या, आणि देवघर, कोठीची खोली, जिना, बाथरूम, संडास अशा ठिकाणी दोन बाय दोनच्या ९ छोट्या. काकांनी विचारलं, "फुटाचा काय भाव?" मी बाजारात चालणारा भाव सांगितला. काकांनी चौरस फूट मोजले, गुणाकार केला, ॲडव्हान्स दिला. एस्टिमेट संपलं!

पहिली चूक इथेच झाली. मोठ्या आणि छोट्या खिडकीला मी एकच भाव लावला होता.

दुसरी चूक एप्रिलमध्ये कळली. काकूंनी बेडरूमच्या खिडकीत कूलर लावला आणि मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "कूलर लावला तं वरची उरलेली जागा काय पुठ्ठ्यानं झाकू मी?" बरोबरच होतं त्यांचं. चार फूट उंच स्लायडिंग सरकवली की चार फूट उंच फट उघडते. कूलर तेवढा उंच नाही. वरच्या मोकळ्या जागेतून दुपारी झळा आणि संध्याकाळी मच्छर आत. त्या खिडक्या मी माझ्या खर्चाने बदलून दिल्या.

काकांकडे जास्तीचे पैसे मागता आले नाहीत. भाव मीच तोंडाने सांगितला होता. तुमचं पहिलं काम असं होऊ नये, म्हणून आता क्रमाने बघू.

१. भाव सांगण्याआधी पाच प्रश्न विचारा

गिऱ्हाईक आल्याबरोबर "फुटाचा भाव काय" विचारणारच. तुम्ही म्हणा, "सांगतो काका, आधी खिडकी कुठली ते बघू." मग प्रत्येक खिडकीसाठी हे पाच प्रश्न विचारा.

पहिला: या खिडकीत कूलर बसणार आहे का? आपल्या विदर्भात हा प्रश्न सगळ्यात आधी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतप्यात तर विचारूच नका. कूलर बसणार असेल तर त्याच्या तोंडाची रुंदी आणि उंची टेपने मोजून लिहून घ्या. कूलर अजून घेतलेला नसेल, तर घ्यायचा तो दुकानात जाऊन बघा. मग खिडकीचे दोन भाग करा: खाली कूलरच्या उंचीइतका सरकणारा भाग, वर पक्की काच. स्टँड किती उंच करायचा, तेही त्याच वेळी ठरवा. अजून एक गोष्ट. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, त्यामुळे ती हवा बाहेर जायला समोरची किंवा बाजूची दुसरी खिडकी उघडी लागते. ती वाट नसेल तर खोलीत दमटपणा साचतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "कूलर काही कामाचा नाही."

दुसरा: खिडकीचं तोंड कुठल्या दिशेला? दक्षिणेचं ऊन वरून येतं, ते छज्ज्याने अडतं. पश्चिमेचं ऊन दुपारनंतर खाली उतरून तिरपं येतं आणि छज्ज्याखालून थेट पलंगावर पडतं. पश्चिमेला मोठी काच हवी असेल तर बाहेरून सावलीची सोय सुचवा: चिक, बांबूचा पडदा, खोल छज्जा, झाड. उत्तरेची खिडकी मोठी ठेवा, उजेड मिळतो आणि ऊन फार येत नाही. पावसाचे सपकेही बहुतेक पश्चिमेकडूनच येतात, म्हणून त्या बाजूला पाण्याच्या निचऱ्याकडे जास्त लक्ष द्या.

तिसरा: मच्छर आणि धूळ किती? शेताजवळ किंवा नाल्याजवळ घर असेल तर मच्छरजाळी लागतेच. कोराडी-खापरखेडा वीजकेंद्रांच्या बाजूला राखेची धूळ, हायवेला लागून ट्रकांची धूळ. जाळी हवी तर दोनऐवजी तीन ट्रॅक लागतात आणि खर्च वाढतो. हे आधीच सांगा. खिडकी बसल्यावर "जाळी पण पाहिजे होती" झालं की ट्रॅक बदलावा लागतो.

चौथा: खालचा मजला की वरचा? ग्रील कोण करणार? खालच्या मजल्यावर लोखंडी ग्रील लागतेच. ती तुमच्या भावात धरली आहे की वेल्डिंगवाला वेगळी करणार, हे कागदावर आलं पाहिजे. खिडक्यांवरून होणाऱ्या भांडणांत अर्धी भांडणं ग्रीलवरून असतात.

पाचवा: खिडकी रोज कोण उघडणार, कोण पुसणार? पाच मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला साडेबारा किलो, म्हणजे चौरस फुटाला साधारण १.१६ किलो. पाच बाय चारच्या खिडकीत नुसती काचच २३ किलोच्या आसपास भरते. एका पल्ल्याला साडेअकरा किलो. स्वस्त बेअरिंग घातलं तर दोन वर्षांत पल्ला घासायला लागतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तो सरकत नाही.

हे पाच प्रश्न विचारायला वीस मिनिटं लागतात, पण अर्धं एस्टिमेट तिथेच तयार होतं.

२. कुठली खिडकी कुणाला

लोखंडी खिडकी: स्वस्त, मजबूत, ग्रील सोबतच होते. रंग वेळेवर दिला नाही तर गंजते, आणि कूलरचं पाणी झिरपतं तिथे सगळ्यात आधी गंजते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, तेही हप्त्याहप्त्याने. अशा घरात लोखंडी खिडकीच परवडते. तिथे महागडं विकायचा हट्ट करू नका.

सागवानी खिडकी: दिसायला सुंदर, उन्हात तापत नाही. पण चांगलं लाकूड महाग आणि पावसाळ्यात पल्ले फुगतात. जुनी चौकट शाबूत असेल तर ती ठेवून फक्त पल्ले बदलायचा पर्याय द्या. गिऱ्हाईकाचे पैसे वाचतात.

अॅल्युमिनियम: गंजत नाही, दुरुस्ती सोपी, सुटे भाग सगळीकडे मिळतात. आपल्याकडे दुकानं बहुतेक यावरच चालतात. यात खरा फरक सेक्शनच्या जाडीचा असतो, त्यावर पुढे बोलू.

यूपीव्हीसी: धूळ आणि आवाज चांगला अडवते, फ्रेम तापत नाही. आत लोखंडी मजबुतीची पट्टी आहे की नाही, हे विचारूनच घ्यायची. भाव अॅल्युमिनियमपेक्षा सहसा जास्त. एक गोष्ट गिऱ्हाईकाला प्रामाणिकपणे सांगा. खिडकीत सगळ्यात जास्त जागा काचेची असते आणि ऊन काचेतूनच आत येतं. पश्चिमेला सावली न करता नुसती महाग फ्रेम लावली, तर खोली तापणारच.

उघडण्याच्या जागेचंही सांगा. दोन ट्रॅकची स्लायडिंग अर्धीच उघडते. कब्ज्यांवरची पल्ल्याची खिडकी पूर्ण उघडते, पण तिला आत किंवा बाहेर जागा लागते आणि ग्रील, जाळी, पडदा यांची अडचण येते.

३. माप स्वतः घ्या

"मिस्त्रीने माप दिलंय" यावर कधीच काम सुरू करू नका. प्लास्टर झाल्यावर, ग्रॅनाइटची चौकट असेल तर ती बसल्यावर, स्वतः जा. रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली. उंचीही तीन ठिकाणी. सगळ्यात कमी माप धरा आणि त्यातून बसवण्यापुरतं दोन-तीन सूत कमी करा. मग कोनातून कोनात दोन्ही बाजूंनी टेप लावा. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट गुण्यात आहे. फरक आला तर लगेच मालकाला दाखवा आणि वहीत लिहा.

खालच्या दगडाला बाहेरच्या बाजूला उतार आहे का तेही बघा. ट्रॅकला पाणी जाण्याची भोकं ठेवली असतील तर मिस्त्रीला सांगून ठेवा, नाहीतर तो ती सिमेंटने बुजवतो आणि पावसाळ्यात "खिडकी गळते" म्हणून फोन तुम्हाला येतो.

टफन काच घेणार असाल तर जास्त काळजी घ्या. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. एक्झॉस्ट फॅनचं भोक, कमी-जास्त माप, सगळं ऑर्डरच्या आधीच पक्कं हवं.

४. आता खरा हिशेब

सेक्शन तुम्ही किलोवर विकत घेता आणि खिडकी चौरस फुटावर विकता. माझा तोटा या दोघांमधल्या फरकात झाला.

दोन ट्रॅकच्या स्लायडिंगला किती रनिंग फूट सेक्शन लागतो? चौकटीला वर-खाली दोन रुंद्या आणि दोन बाजूंच्या दोन उंच्या. पल्ले दोन. प्रत्येकाला दोन उभ्या पट्ट्या, म्हणजे चार उंच्या (दोन हँडल, दोन इंटरलॉक). आडव्या पट्ट्या चार, प्रत्येक अर्ध्या रुंदीची, म्हणजे दोन रुंद्या. बेरीज करा:

चार रुंद्या अधिक सहा उंच्या.

हे सूत्र दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवा. आता वेगवेगळ्या खिडक्यांना लावून बघा.

- ६ बाय ४: २४ अधिक २४, म्हणजे ४८ फूट. क्षेत्रफळ २४. चौरस फुटाला २ फूट सेक्शन.
- ५ बाय ४: २० अधिक २४, म्हणजे ४४ फूट. क्षेत्रफळ २०. चौरस फुटाला २.२ फूट.
- ४ बाय ३: १६ अधिक १८, म्हणजे ३४ फूट. क्षेत्रफळ १२. चौरस फुटाला २.८ फूट.
- २ बाय २: ८ अधिक १२, म्हणजे २० फूट. क्षेत्रफळ ४. चौरस फुटाला ५ फूट!

दिसलं का? छोट्या खिडकीला चौरस फुटामागे मोठीच्या दुपटीपेक्षा जास्त सेक्शन लागतो. शिवाय बेअरिंग चारच, लॉक तेवढेच, आणि बसवायला माणूस तोच.

आता पैसे टाकू. खालचे भाव फक्त समजण्यापुरते धरलेत. तुम्ही तुमच्या होलसेलरचे आजचे भाव टाका. समजा सेक्शन फुटाला सरासरी २०० ग्रॅम, किलोचा भाव ३२० रुपये. म्हणजे फुटाला ६४. कटिंगमधला वाया जाणारा तुकडा धरून ७० रुपये पकडू. काच चौरस फुटाला ६० रुपये.

पाच बाय चारची खिडकी:
- सेक्शन ४४ फूट: ३,०८० रुपये
- काच: १,२०० रुपये
- बेअरिंग, लॉक, रबर, स्क्रू, सिलिकॉन: ६०० रुपये
- कटिंग, फिटिंग, वाहतूक: ९०० रुपये
- एकूण ५,७८० रुपये, म्हणजे चौरस फुटाला २८९

दोन बाय दोनची खिडकी:
- सेक्शन २० फूट: १,४०० रुपये
- काच: २४० रुपये
- हार्डवेअर: ४५० रुपये
- कटिंग, फिटिंग, वाहतूक: ६०० रुपये
- एकूण २,६९० रुपये, म्हणजे चौरस फुटाला ६७२

समजा भाव सरसकट ३५० रुपये सांगितला. मोठी खिडकी ७,००० ला जाते, हातात १,२२० उरतात. छोटी १,४०० ला जाते, १,२९० चा तोटा. म्हणजे एका छोट्या खिडकीने एका मोठ्या खिडकीची सगळी कमाई खाल्ली, वर ७० रुपये खिशातून गेले.

काकांचं घर याच भावात मांडू. ४ मोठ्या आणि ९ छोट्या, एकूण ११६ चौरस फूट. ३५० ने ४०,६०० रुपये मिळाले. खर्च: मोठ्यांचा २३,१२०, छोट्यांचा २४,२१०, मिळून ४७,३३०. तोटा ६,७३० रुपये. यात दुकानाचं भाडं, लाईट बिल आणि माझी स्वतःची मजुरी कुठेच नाही. कूलरवाल्या खिडक्या बदलल्या, तो खर्च तर वेगळाच.

५. भाव कसा काढायचा, आणि गिऱ्हाईकाचं बजेट कसं वाचवायचं

विक्रीच्या भावात २० टक्के मार्जिन हवं असेल तर खर्चाला ०.८ ने भागा. ५,७८० भागिले ०.८ म्हणजे ७,२२५. बरेच जण खर्चात २० टक्के मिळवतात, त्याचे ६,९३६ होतात आणि मार्जिन १७ टक्क्यांच्याही खाली येतं. फरक छोटा वाटतो, पण वर्षभराच्या कामात मोठा होतो.

छोटी खिडकी याच पद्धतीने ३,३६० च्या आसपास जाते. मग काकांच्या घराचा भाव होतो २८,९०० अधिक ३०,२४०, म्हणजे ५९,१४०. चाळीस हजारांच्या तयारीत असलेल्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो उठून दुसऱ्या दुकानात जाईल, आणि तिथे माझ्यासारखाच कुणी नवीन पोरगा तोट्यात काम घेईल.

मग उपाय काय? खिडकीचा प्रकार बदला. जिन्यात, बाथरूममध्ये, संडासात स्लायडिंगची गरजच काय? तिथे काचेच्या पट्ट्यांची लुव्हर लावा. कोठीच्या खोलीत उजेडापुरती पक्की काच लावा. दोन बाय दोनला चौकटीचा सेक्शन ८ फूट, वरची पट्टी धरून १० फूट पकडा. हिशेब असा:

सेक्शन ७००, काच २४०, किरकोळ हार्डवेअर १५०, मजुरी ३५०. एकूण १,४४० रुपये. ०.८ ने भागलं की भाव १,८००.

९ छोट्यांचे १६,२०० आणि ४ मोठ्यांचे २८,९००. एकूण ४५,१०० रुपये. गिऱ्हाईकाचे १४,०४० रुपये वाचले, तुमचं २० टक्के मार्जिन शाबूत राहिलं, आणि माझ्या तोट्याच्या भावापेक्षा आकडा फक्त ४,५०० ने जास्त. लुव्हर धूळ आणि मच्छर नीट अडवत नाही, हेही सांगून टाका. म्हणून ती झोपायच्या खोलीत लावायची नाही.

आजचा धडा एवढाच आहे. गिऱ्हाईकाचं बजेट योग्य ठिकाणी योग्य खिडकी निवडून वाचतं, भाव पाडून वाचत नाही. ही निवड करून देणं हे तुमचं काम, आणि हा हिशेब येत नसेल तर ते तुम्हाला करता येणार नाही.

६. "तिकडे पन्नास रुपये कमी आहेत"

हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणारच. भाव कमी करण्याआधी समोरच्याचा सेक्शन किती वजनाचा आहे ते विचारा. फुटाला २०० ग्रॅमच्या जागी १५० ग्रॅमचा पातळ सेक्शन लावला तर ४४ फुटांत २.२ किलो कमी लागतो. म्हणजे ७०४ रुपये, चौरस फुटाला ३५ रुपये तिथेच कमी झाले. दिसायला खिडकी तशीच असते. वाऱ्यात पल्ले खडखडतात आणि स्क्रू ढिले होतात, ते नंतर कळतं.

दुकानात एक वजनकाटा आणि दोन्ही सेक्शनचे फूट-फूट लांबीचे तुकडे ठेवा. गिऱ्हाईकाच्या समोर वजन करा. दुसऱ्या दुकानाचं नाव घेऊन वाईट बोलायची गरज नाही, काट्यावरचा आकडा पुरतो. आणि गिऱ्हाईकाला पातळच हवा असेल तर द्या, पण बिलावर जाडी लिहून द्या.

कटिंगमध्येही पैसे असतात. सेक्शनची लांबी बहुतेक १२ फुटी येते. एकेक खिडकी कापत बसू नका. सगळ्या घराची कटिंग लिस्ट आधी करा. पाच फुटाचे दोन तुकडे काढले की दोन फूट उरतात, ते छोट्या चौकटीत जातात. लिस्ट नसेल तर तेच तुकडे भंगारात जातात.

७. कागदावर काय काय यायला हवं

काकांनी पुढे त्यांच्या भावाच्या घराचं काम मला दिलं. तेव्हा मी प्रत्येक खिडकीचा वेगळा भाव लिहून नेला. कागद वाचून काका म्हणाले, "बापा, हा कागद आधी काऊन नाही देला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या कागदावर या गोष्टी असू द्या:

- प्रत्येक खिडकीची जागा, माप, प्रकार आणि भाव वेगळ्या ओळीत
- सेक्शनची जाडी किंवा वजन, रंग, काचेची जाडी, साधी की टफन
- भावात काय धरलं आहे आणि काय नाही: ग्रील, मच्छरजाळी, दगडी चौकट, तोडफोड, प्लास्टरची दुरुस्ती, वरच्या मजल्याचं पालखं
- साईटवर काच फुटली तर खर्च कुणाचा
- भाव किती दिवस चालेल. अॅल्युमिनियमचे दर लंडनच्या धातू बाजाराबरोबर हलतात, म्हणून १० ते १५ दिवसांची मुदत लिहाच
- पैसे कधी आणि किती

घरमालकांनो, तुमच्यासाठी एक सूचना. खिडक्यांचं बजेट करताना या यादीतल्या "धरलं नाही" वाल्या गोष्टींचीही बेरीज करा आणि वर दहा टक्के जास्तीचे ठेवा. शेवटी पैसे संपतात ते इथेच.

ॲडव्हान्सचं गणित वरच्या उदाहरणातूनच निघतं. ७,२२५ च्या खिडकीत ४,८८० रुपये मालाचेच आहेत, म्हणजे ६७ टक्के. निम्मा ॲडव्हान्स घेतला तर उरलेला माल तुम्ही स्वतःच्या पैशाने भरताय. ऑर्डरला ६० टक्के, माल साईटवर आल्यावर ३०, काम तपासून झाल्यावर १०, असं ठेवा. घरकुलाचं काम असेल तर मालकाचा हप्ता कधी येणार ते विचारून मगच सेक्शन कापा.

८. जीएसटी आणि आपली सीमा

सेक्शन, काच, हार्डवेअर यांच्या खरेदीवर १८ टक्के जीएसटी लागतो. तुम्ही नोंदणी केलेली नसेल किंवा कंपोझिशनमध्ये असाल तर हा कर परत मिळत नाही. म्हणून खर्चाचा भाव नेहमी कर धरूनच लिहा. कंपोझिशनवाल्याला गिऱ्हाईकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही, तो बिल ऑफ सप्लाय देतो.

नोंदणीची मर्यादा मालासाठी वर्षाला ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख. खिडकी बनवून घरात बसवून देणं हे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट ठरलं तर ते सेवेत मोडतं. म्हणून "४० लाखांपर्यंत काळजी नाही" असं गृहीत धरू नका, सीएला आपलं काम कसं चालतं ते नीट सांगून विचारा.

सावनेरकरांसाठी खास मुद्दा. सौंसर-पांढुर्ण्याकडे आपले नातेवाईक, आपली भाषा, त्यामुळे तिकडून ऑर्डर येणारच. पण तो मध्य प्रदेश आहे. दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते, आणि कंपोझिशनमध्ये राहून राज्याबाहेर माल विकता येत नाही. ऑर्डर घेण्याआधी हे बघा.

९. या आठवड्याचा गृहपाठ

एक: स्वतःच्या घरातल्या सगळ्या खिडक्या मोजा. चार रुंद्या अधिक सहा उंच्या हे सूत्र लावून प्रत्येकीचे रनिंग फूट काढा आणि क्षेत्रफळाने भागा.

दोन: होलसेलरकडे जाऊन एका सेक्शनची १२ फुटी लांबी वजन करून घ्या. तुमचा खरा ग्रॅम-प्रति-फूट आकडा काढा.

तीन: महिन्याचा बांधील खर्च लिहा. भाडं, लाईट, कर्जाचा हप्ता, स्वतःचा पगार. समजा तो ४५,००० आला. एका मोठ्या खिडकीत १,२२० उरत असतील तर महिन्याला ३७ मोठ्या खिडक्या विकल्यावर तुम्ही शून्यावर येता. सावनेर आणि आसपास एवढी कामं मिळतील का, हे मशीन घेण्याआधी तपासा, नंतर नाही.

चार: ओळखीतल्या एका बांधकामावर जा आणि पाच प्रश्न विचारून एक पूर्ण एस्टिमेट लिहा. काम मिळालं नाही तरी चालेल. पण कूलरचा प्रश्न विसरू नका.

पुढच्या व्हिडिओत ग्रीलचा हिशेब घेऊ, कारण ती किलोवर घेतली जाते आणि किलोवरच विकली जाते, तरी त्यातही लोक तोटा खातात. तोपर्यंत वहीतले आकडे तयार ठेवा.